चांदणीची नोट

हिशेब माझ्याकडे आला, कारण मी सीए
आणि मला सायकल येत नाही.
बाकीचे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावरून निघाले:
मुस्तकीम कोकणी, सातपूरला डाय बनवतो तो,
केतकी बोरस्ते, जी आदल्या रात्री नऊपर्यंत
लोकांच्या दाढा काढत होती,
निसर्ग, ज्याच्या कंपनीने शुभेच्छा दिल्या, पैसे नाहीत,
आणि अजून एकोणीस.
त्र्यंबक, आणि परत.
किलोमीटरमागे दहा रुपये ज्यांनी ज्यांनी कबूल केले
त्यांची यादी माझ्या मांडीवर,
बोटं थंडीने अशी आखडलेली
की पहिल्या तीन पावत्यांवरचं अक्षर माझं वाटत नाही.

'कर्करोग संशोधनासाठी' असं छापलं होतं.
"म्हणजे पेशंट कोण?" ट्रॅकवरच्या एका बाईंनी विचारलं.
पेशंट नाही, काकू.
"मग फोटो तरी?"
फोटोही नाही. एक प्रयोगशाळा आहे. तिथे काही मुली
काचेच्या बश्यांत पेशी वाढवतात,
आणि त्या का बिघडतात ते बघत बसतात.
बाईंनी एकावन्न दिले,
बहुतेक माझ्या गारठलेल्या नाकाकडे बघून.

नऊच्या सुमारास वामन गायधनी आले,
पळशाहून, दोन बस बदलून,
स्वेटरवर कोट, कोटावर मफलर.
नोट प्रेसमध्ये बत्तीस वर्षं, तपासणी खात्यात.
क्यूआरच्या डबीतली बाई एकसारखी बोलत होती,
इतके मिळाले, तितके मिळाले.
तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.
"रोख मला द्या," म्हणाले, आणि पत्र्याचा डबा ओढून घेतला,
चपाती वाकडी होताना बघून
कुणी हातातलं लाटणं काढून घ्यावं तसा.

थुंकी नाही, पाणी नाही.
नोटा आपणहून उलटत होत्या.
मधेच थांबले. दहाची एक बाजूला काढली.
"नंबर बघा."
अक्षरं, मग एक चांदणी, मग आकडे.

"शाईचा ठिपका इकडचा तिकडे झाला की नोट बाद.
बाद शोधायची, एवढंच आमचं काम.
तिच्या जागी ही जायची. किंमत तीच.
बाजारात कुणाला कळतपण नाही."

पुढची गड्डी घेतली, आणि मोजता मोजताच:
"हिच्या वेळी डॉक्टर म्हणाले,
पेशी आपली नक्कल काढताना चुकते.
मी विचारलं, मग तपासणीला कोण होतं?
ते हसले.
मी काही विनोद केला नव्हता."

चार हजार सातशे साठ.
माझ्या आकड्यापेक्षा दहा जास्त.
मी परत मोजले. त्यांचेच बरोबर.
मग खिशातून पाचशे साठ काढले,
छप्पन्न किलोमीटरचे,
"कुणाच्या नावावर लावायचे ते तुम्ही ठरवा."

साडेदहाला पहिल्या सायकली दिसल्या.
केतकीच्या पोटरीत गोळा, मुस्तकीमच्या पिशवीत पेरू,
सगळे एकदम ओरडत होते, किती झाले, किती झाले?
डबीतले धरून दोन लाख अठरा हजार आणि काहीशे.
प्रयोगशाळेच्या पत्राप्रमाणे
अकरा आठवड्यांची रसायनं.
"अकरा आठवड्यांत काय होईल?" गायधनींनी विचारलं.
माहीत नाही, मी म्हटलं.
त्यांनी पेरूला मीठ आहे का विचारलं.
नव्हतं. तसाच खाल्ला, बियांसकट, हळूहळू,
आणि बाराची बस गाठायला गेले.

बँकेत भरण्याआधी मी डब्यात माझी दहाची टाकली
आणि चांदणीची उचलली.
वहीत नोंद केली नाही. करायची गरजच नाही,
किंमत तीच.
परवा भाजीवाल्याने विचारलं, दहा सुटे आहेत का ताई?
पाकीट उघडंच होतं माझ्या हातात.
नाहीत, म्हटलं.